खाजणातील बुरशी आणि कातडीचा दाह

आषाढात लावणीचा जोर असतो, त्या दिवसांत पनवेल व उरण तालुक्यांतील खारजमिनींत राबणाऱ्या स्त्री-पुरुषांचे पाय दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास चिखलात असतात. कातडी भिजून पांढरी पडते, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात व चिखल्या होतात. ओली वस्त्रे अंगावरच वाळत असल्याने जांघेत, कमरेभोवती व काखेत गजकर्ण उठते. मिठागरात काम करणाऱ्यांची आणि खाडीत चिंबोऱ्या व कालवे गोळा करणाऱ्या कोळी भगिनींची स्थिती याहून फारशी निराळी नसते. न्हावे हे गाव पनवेल तालुक्यात व शेवे हे उरण तालुक्यात. या दोहोंच्या नावाने ओळखले जाणारे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून येथवर येणारा सागरी सेतूही वाहतुकीस खुला झाला. बंदराने व त्यामागून आलेल्या वसाहतींनी पुष्कळशी शेती व मिठागरे घेतली. परंतु जी खाजणे उरली आहेत, तेथील चिखल आणि त्या चिखलातून उद्भवणारी खाज ही कोणीही संपादन केलेली नाही.

अशा भागात ‘बुरशीपासून कातडीच्या दाहावर औषध निघाले’ अशी वार्ता येऊन पोचली म्हणजे तिचे दोन परिणाम होतात. काही जण ती हसण्यावारी नेतात. ज्या बुरशीने भाताचा पेंढा कुजतो, लोणचे नासते आणि अंगावर चट्टे उठतात, ती औषध कशी होणार, असा त्यांचा प्रश्न असतो. दुसरे काही जण तितक्याच घाईने अळंब्याची भुकटी, अळंब्याचा साबण व अळंब्याचे मलम विकत घेतात. हे दोन्ही पक्ष चुकत आहेत. पहिल्या पक्षास इतिहास ठाऊक नाही आणि दुसऱ्यास त्या इतिहासातील विलंब ठाऊक नाही.

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे, कारण त्याच्या अभावी सर्व घोटाळा होतो. गजकर्ण वा नायटा हा स्वतः बुरशीचा रोग आहे. ती बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरावर, केसांवर व नखांवर उपजीविका करते. याउलट इसब किंवा सोरायसिस या विकारांत बाहेरचा शत्रू हे मूळ कारण नसते. शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी तेथे विनाकारण चेतवल्या जातात, एकमेकींस रासायनिक संदेश पाठवून आणखी पेशी गोळा करतात, आणि त्या धुमश्चक्रीत कातडी लाल होते, सुजते, खाजते व तिचे पापुद्रे निघतात. पहिल्या रोगात बुरशी मारावयाची असते; दुसऱ्यात शरीराचा अवाजवी क्षोभ शमवावयाचा असतो. दोन्ही ठिकाणी लाली व खाज सारखीच दिसत असल्यामुळे सामान्य मनुष्य एकाचे औषध दुसऱ्यास लावतो.

आता इतिहास. इटलीत गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस मका हेच ज्यांचे मुख्य अन्न होते, अशा गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला होता. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावरची कातडी त्यात भाजल्यासारखी होते. बुरसलेला मका हे त्याचे कारण असावे, असे मानून बार्तोलोमेओ गोसिओ या वैद्याने १८९३ मध्ये त्या मक्यावरील पेनिसिलियम जातीच्या बुरशीचा अभ्यास केला व तिच्यापासून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढले. रोगाच्या कारणाविषयीचा तर्क पुढे टिकला नाही; पेलाग्रा हा आहारातील नायसिन या जीवनसत्त्वाच्या उणिवेचा रोग ठरला. द्रव्य मात्र टिकले. त्यास पुढे मायकोफेनोलिक अम्ल हे नाव मिळाले. पांढऱ्या पेशींची संख्या वाढण्यासाठी जो एक घटक त्यांना सतत तयार करावा लागतो, त्याचे उत्पादन हे अम्ल रोखते, हे कळल्यावर १९७० च्या दशकात सोरायसिसच्या रोग्यांवर त्याचे प्रयोग झाले. आणि १९९५ मध्ये त्याचेच एक सुधारित रूप मूत्रपिंड-रोपणाच्या रोग्यांसाठी अमेरिकेत संमत झाले. त्वचारोगतज्ज्ञ आज काही हट्टी विकारांत ते देतात. मक्याच्या कणसापासून औषधाच्या गोळीपर्यंत शंभर वर्षे लागली.

दुसरे उदाहरण अधिक परिचित आहे, जरी त्यामागील बुरशीचा हात फारसा कोणास ठाऊक नाही. कॉर्टिसोन या संप्रेरकाचा दाहशामक गुण १९४९ च्या सुमारास जगापुढे आला व त्याच्या शोधकांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते तयार करण्यासाठी गुरांच्या पित्तातील अम्लापासून आरंभ करून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढाव्या लागत, आणि त्यामुळे त्याची किंमत सोन्यालाही लाजविणारी होती. १९५२ मध्ये अमेरिकेतील अपजॉन कंपनीच्या पीटरसन व मरे या संशोधकांनी दाखवून दिले की, शिळ्या भाकरीवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीच्या कुळातील रायझोपस ही बुरशी यातील सर्वांत अवघड पायरी एका झेपेत ओलांडते. रेणूच्या नेमक्या एका जागी प्राणवायू बसविण्याचे जे काम रसायनशास्त्रज्ञांना जमत नव्हते, ते ती सहज करी. त्याच वर्षी सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर लावून गुण येत असल्याचे प्रसिद्ध केले. येथे बुरशीने औषध स्वतः दिले नाही, ते घडविले. कातडीच्या दाहावरील सर्वांत प्रचलित औषधवर्ग गोरगरिबांच्या आटोक्यात आला, यात भाकरीच्या बुरशीचा मोठा वाटा आहे.

तिसरी कथा मूठभर मातीची आहे. स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीत अशी प्रथा होती की, कर्मचाऱ्यांनी सुटीवर जाताना प्लॅस्टिकच्या पिशव्या न्याव्या व परक्या ठिकाणची माती आणावी. १९६९ मध्ये नॉर्वेतील हार्दांगरविद्दा या ओसाड पठारावरून अशी एक पिशवी आली. तिच्यातील टोलिपोक्लॅडियम नावाच्या बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन हे द्रव्य बुरशीनाशक म्हणून फारसे उपयोगी ठरले नाही. ते पांढऱ्या पेशींचा परस्परसंदेश तोडते, हे १९७२ मध्ये दिसून आले. आणि १९७९ मध्ये संधिवाताच्या रोग्यांवर ते योजून पाहत असता त्यांपैकी काहींचा सोरायसिस अनपेक्षितपणे नाहीसा झाला. या बुरशीची दुसरी अवस्था भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढते, हे मागाहून उमगले. हुमणीसाठी शेणखतात मेटारायझियम मिसळणाऱ्या शेतकऱ्यास ही बाब नवलाची वाटू नये; दोघी एकाच गणातील आहेत.

या तिन्ही कथांत एक समान सूत्र आहे. बुरशी ही द्रव्ये मनुष्यावर उपकार करण्यासाठी बनवीत नाही. जमिनीत, पेंढ्यात वा किड्याच्या शरीरात तिला जिवाणूंशी, इतर बुरशींशी व यजमानाच्या प्रतिकाराशी झगडावे लागते, आणि ही द्रव्ये तिची त्या झगड्यातील शस्त्रे होत. शस्त्र मोजून वापरले तर रक्षण करते. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्याच्या मूत्रपिंडास व रक्तदाबास धोका असतो, म्हणून त्याची वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. त्याचा रेणू इतका मोठा आहे की तो धड कातडीतून आत शिरत नाही. सोरायसिसवर त्याचे मलम चालत नाही, पोटातच घ्यावे लागते. हीच बाब ‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ या समजुतीची परीक्षा घेण्यास पुरेशी आहे. ज्यांना आणखी प्रमाण हवे असेल त्यांनी अफ्लाटॉक्सिन आठवावे. तेही बुरशीचे नैसर्गिक द्रव्यच आहे, आणि १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरसलेल्या मक्यातून पोटात जाऊन त्याने शंभरावर माणसे मारली.

आता न्हावा-शेव्याकडे व येथील गजकर्णाकडे वळावे, कारण खरी हानी आज तेथे होत आहे. गावोगावच्या दुकानांतून खाजेवरची जी मलमे मागितली जातात, त्यांपैकी पुष्कळांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक व जिवाणुनाशक अशी तीन द्रव्ये एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे खाज व लाली दोन दिवसांत कमी होते. लावणाऱ्यास वाटते की रोग गेला. वस्तुतः शरीर बुरशीशी जो झगडा करीत होते तेवढाच थांबलेला असतो. बुरशीला रान मोकळे मिळते. चट्टा कडेने पसरतो, त्याचे रूप पालटते, कातडी पातळ पडून तिच्यावर कायमचे व्रण उमटतात आणि मलम थांबविताच दाह दुपटीने उसळतो. भाकरीच्या बुरशीच्या साहाय्याने घडलेले औषध असे दुसऱ्या बुरशीला पोसू लागते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध दीर्घ काळ आवाज उठविला, आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. मनाई कागदावर आहे. लावणीच्या दिवसांत खेड्यातील दुकानदार चिठ्ठी मागतो किंवा नाही, हे प्रत्येक वाचकास स्वतःच्या गावावरून ठरविता येईल.

या दुरुपयोगाच्या काळातच देशात गजकर्णाची अशी एक जात बळावली आहे, जी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास पुष्कळदा दाद देत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिचे नामकरण करताना त्यात भारताचे नाव गोवले, ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. हा मान कोणत्याही देशास नकोसा वाटावा. औषधाने न मरणारी बुरशी कशी निर्माण होते हे शेतकऱ्यास वेगळे शिकवावे लागणार नाही. एकच बुरशीनाशक वर्षानुवर्षे फवारल्याने करपा कसा निर्ढावतो, हे तो पाहत आला आहे. किंबहुना भाताच्या करप्यावर व पर्णकोष करप्यावर फवारली जाणारी प्रोपिकोनाझोल व हेक्झाकोनाझोल ही द्रव्ये ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील औषधे माणसाच्या बुरशीरोगांवरही दिली जातात. शेतातील फवाऱ्यामुळे हवेतील अॅस्परजिलस बुरशी त्या औषधांना जुमानीनाशी होते, असे नेदरलंडसारख्या देशांत दिसून आले आहे. फवाऱ्याची मात्रा व पाळी शिफारशीप्रमाणेच ठेवावी, या जुन्या उपदेशास यामुळे एक नवे कारण मिळते.

गजकर्णावरील एका उत्तम औषधाचा जन्म मात्र बुरशीतच आहे आणि त्याची पहिली ओळख शेतीशास्त्रातून वाढली, ही गोष्ट या पत्रकाच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य १९३९ मध्ये लंडनमध्ये पेनिसिलियमच्या एका जातीपासून मिळाले. पुढे इंग्लंडमधील एका माळरानावर देवदारवर्गीय रोपे का खुरटतात याचा शोध घेणाऱ्या संशोधकांना मातीत एक द्रव्य सापडले, ज्याने इतर बुरशींचे तंतू मुरडून जात. ते ग्रिसिओफुल्विनच निघाले. पिकांच्या रोगांवर त्याचे प्रयोग झाले. परंतु ते शेतीस परवडणारे नव्हते. १९५८ मध्ये गिनीपिगांना पोटातून देऊन त्यांचे गजकर्ण बरे झाल्याचे दिसले आणि तेथून ते माणसांच्या औषधात आले. रोपवाटिकेतील एका प्रश्नाने लाखो मुलांच्या डोक्यावरचे गजकर्ण बरे करण्यास हातभार लावला.

महाराष्ट्रातही या विद्येची परंपरा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलिनच्या जोडीने संशोधनही चाले. तेथील एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढले, व पिकांसाठी ऑरिओफंगिन काढले. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे : हे सूक्ष्मजीव तंतूंसारखे वाढत असले तरी ते बुरशी नव्हेत, जिवाणूंच्या वर्गातील आहेत. इसबावर आज सर्रास लिहून दिले जाणारे टॅक्रोलिमस मलमही बुरशीपासून मिळते असे कित्येकदा छापले जाते; तेही १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतील अशाच जिवाणूचे देणे आहे.

खऱ्या अर्थाने बुरशीचे म्हणता येईल असे कोकणचे स्वतःचे औषध म्हणजे फणसांबा. जुन्या फणसाच्या खोडावर खुराच्या आकाराचे, तपकिरी, लाकडासारखे टणक अळंबे उगवते. ते सहाणेवर पाण्यात उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावण्याची चाल कोकणात व गोमंतकात आहे. लाळ गळणे व तोंड येणे यांवर ते देतात. पुणे विद्यापीठातील जे. जी. वैद्य व त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये या लोकौषधाविषयी लेख प्रसिद्ध केला. फणसांबा हा फेलिनस या प्रजातीतला. त्याच्या जवळच्या जाती कोरिया, चीन व जपान येथे फार पूर्वीपासून औषधी मानल्या जातात, आणि त्यांच्यातील हिस्पिडिन नावाच्या पिवळ्या द्रव्याने व इतर अंशांनी उंदरांच्या कातडीवरील कृत्रिमरीत्या आणलेला दाह कमी झाल्याचे अहवाल आहेत. बागायतदाराच्या दृष्टीने मात्र हे अळंबे म्हणजे झाडाचा गाभा कुजत असल्याची खूण होय. एकच वस्तू वैद्यास औषध व माळ्यास रोग दिसावी, यात विसंगती नाही.

परंतु फणसांबा उगाळून इसबावर लावावा काय? लावू नये, असेच आज सांगावे लागेल. उंदरावरील प्रयोग व माणसाचे औषध यांच्यामध्ये जे अंतर असते त्याची कल्पना नसल्यामुळेच अशा वार्तांचा अनर्थ होतो. बहुतेक प्रयोगांचा आरंभ काचेच्या बशीत होतो. उंदराच्या रक्षक पेशींना जिवाणूच्या कवचातील द्रव्याने चेतवितात. त्या नायट्रिक ऑक्साइड सोडू लागतात. मग बुरशीचा अर्क घालून ते प्रमाण घटते की नाही हे मोजतात. घटले तर अर्क दाहशामक ‘असू शकतो’. कित्येकदा पेशीच मेल्यामुळे प्रमाण घटलेले असते. तो टप्पा पार झाल्यावर अर्कातील नेमके द्रव्य वेगळे करणे, त्याची रचना ठरविणे, ते कातडीतून किती आत जाते व रक्तात किती उतरते हे पाहणे, जनावरांवर व नंतर थोड्या, मग पुष्कळ माणसांवर तुलनात्मक प्रयोग करणे, अशी वाट असते. या वाटेवर बहुतेक द्रव्ये गळतात. वर्तमानपत्रात मात्र पहिल्या बशीचीच बातमी येते.

बाजार त्या बशीपाशी थांबत नाही. लाल, चकाकणाऱ्या गॅनोडर्मा अळंब्याच्या पुड्या सर्व रोगांवर म्हणून विकल्या जातात. याच प्रजातीतील बुरशीने नारळाचे बुंधे कुजतात हे बागायतदार जाणतात, आणि कातडीच्या विकारांवर तिचा माणसांत सिद्ध झालेला उपयोग अद्याप दाखविता आलेला नाही. गोरेपणाच्या मलमांत कोजिक अम्ल घालतात. ते जपानमध्ये १९०७ मध्ये तांदळावरील कोजी बुरशीपासून मिळाले. रंग उजळण्यासाठी लावलेल्या या अम्लानेच काहींच्या कातडीला दाह होतो. शिताके हे खाद्य अळंबे कच्चे वा अर्धे शिजलेले खाल्ल्यास काहींच्या अंगावर चाबकाने मारल्यासारखे लाल वळ उठतात; जपानी डॉक्टरांनी १९७७ मध्ये ही गोष्ट नोंदविली. दाह शमविणारी आणि दाह उत्पन्न करणारी बुरशी बाहेरून ओळखता येत नाही, आणि पुडीवर तर मुळीच नाही.

पनवेल परिसरात भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी घेण्याकडे बचतगटांचा ओढा आहे व तो स्तुत्य आहे. मुंबई व नवी मुंबईची बाजारपेठ शेजारी आहे. पण धिंगरी ही भाजी म्हणून विकावी. तिच्या भुकटीस औषधाचे लेबल लावून चार पैसे अधिक मिळविण्याचा सल्ला देणारे भेटतात. औषध म्हणून विकावयाच्या मालास औषध कायद्याचा परवाना लागतो, हे ते सांगत नाहीत. जोडीस एक सूचना. पक्व धिंगरीचे बीजाणू धुळीसारखे उडतात व बंद खोलीत ते रोज हुंगले गेल्यास फुप्फुसास सूज येऊ शकते. टोप्या पूर्ण पसरण्याआधी काढणी करावी, खोलीत हवा खेळती ठेवावी व नाकातोंडावर फडके बांधावे.

चिखल्यांसाठीही घरगुती काळजीच अधिक मोलाची आहे. शेतात उतरण्यापूर्वी पायांस खोबरेल चोळावे. वर आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन बेचके कोरडे पुसावेत. ओली वस्त्रे त्वरित बदलावीत. मेंदीचा पाला वाटून लावण्याची रीत जुनी आहे, तिला आडकाठी करण्याचे कारण नाही. चट्टा गोल होऊन कडेने वाढत असेल, किंवा घरातील दुसऱ्यास तसाच उठला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे व पूर्वी कोणते मलम लावले ते लपवू नये. बुरशीचे औषध सांगितलेले सर्व दिवस घेतले पाहिजे. खाज थांबली म्हणून मध्येच सोडणे हे अर्धा फवारा मारण्यासारखे आहे.

येथवर सावधगिरीचे बोलणे झाले. परंतु केवळ सावध राहून औषधे सापडत नाहीत, आणि न्हावा-शेव्याच्या चिखलाकडे आजवर झालेले दुर्लक्ष हीही एक चूकच आहे. १९४५ मध्ये सार्डिनिया बेटावरील काल्यारी या बंदरात जुझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकास एक गोष्ट खटकली : शहराचे सांडपाणी समुद्रास मिळते तेथे लोक पोहतात, तरी विषमज्वर अपेक्षेइतका होत नाही. त्याने त्या तोंडाशी पाण्याचा नमुना घेतला व त्यातून सेफॅलोस्पोरियम नावाची बुरशी वाढविली. सेफॅलोस्पोरिन वर्गाची जी औषधे आज पिकलेल्या जखमांवर व कातडीच्या जिवाणुजन्य सुजेवर जगभर दिली जातात, त्यांचा उगम त्या बंदराच्या घाणीत आहे. हार्दांगरविद्दाच्या पठाराहून किंवा काल्यारीच्या गटाराहून न्हाव्याची खाडी कमी समृद्ध असण्याचे काही कारण नाही.

उलट कारणे दुसऱ्या बाजूस आहेत. तिवर, कांदळ व चिपी यांच्या मुळांशी दिवसातून दोन वेळा खारे पाणी येते व जाते. पावसाळ्यात तेच पाणी जवळजवळ गोडे होते. प्राणवायू कमी, गंधक अधिक, पाने सतत गळून कुजणारी. अशा जागी टिकणाऱ्या बुरशीस निराळी द्रव्ये बनवावी लागतात. गेवा या झाडाचा चीक अंगावर पडल्यास कातडी पोळते व डोळ्यात गेल्यास तात्पुरते अंधत्व येते. अशा झाडाच्या पानांच्या आत राहणाऱ्या बुरशींस तो चीक पचविता येतो, हेही अभ्यासण्यासारखे आहे. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील खारफुटीतील बुरशींपासून अनेक नवी द्रव्ये निघाली आहेत, आणि त्यांतील काहींनी बशीतील दाहाची पहिली कसोटी पार केली आहे. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार यांनी सागरी बुरशींवर दीर्घकाळ काम केले, व महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सागरी बुरशींच्या नोंदी बी. डी. बोरसे यांनी १९८० च्या दशकात प्रसिद्ध केल्या. जाती ओळखण्याचे काम असे झाले आहे. त्या जातींच्या द्रव्यांची रोगांच्या दृष्टीने पद्धतशीर पाहणी हे पुढचे पाऊल होय.

त्यासाठी नवी संस्था उभारण्याचे प्रयोजन नाही. पनवेल येथे कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे; खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल-१, २ व ३ हे भाताचे वाण त्याचेच. तेथील कर्मचाऱ्यांना बांध, उघाड्या व जमिनीचा खारेपणा यांची जी माहिती आहे ती अन्यत्र मिळणार नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. पहिल्याने माती गोळा करावी व दुसरीने बुरशी जतन करावी, इतकी साधी ही सांगड आहे. कृषी खात्याने ती घालून द्यावी. कोणती बुरशी औषध देईल हे आज सांगता येणार नाही, परंतु भराव पडल्यावर तो प्रश्नच उरणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई केली, तरी सार्वजनिक प्रकल्पांसाठी परवानगी मागण्याची वाट खुली आहे, आणि बंदराच्या परिसरात अशा प्रकल्पांचा तोटा नसतो. निदान ज्या जागी भराव पडावयाचा आहे तेथील मातीचे नमुने आधी संग्रहात जावेत, अशी अट अशा प्रत्येक परवानगीस जोडली पाहिजे.

आणि वाटा? सायक्लोस्पोरिनने त्या कंपनीस अमाप उत्पन्न दिले. ज्या पठाराची माती होती त्या नॉर्वे देशास त्यातून काहीही मिळाले नाही, कारण त्या काळी तशी तरतूदच नव्हती. आता ती आहे. आपला जैवविविधता कायदा २००२ चा, व लाभाच्या न्याय्य वाटपाचा नागोया येथील करार २०१० चा. कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती व लोकांची जैवविविधता नोंदवही असावयास हवी. अशा नोंदवह्यांत झाडे, पक्षी व मासे लिहिले जातात. बुरशीचे पान बहुधा कोरे असते. न्हावे, गव्हाण, जासई व हनुमान कोळीवाडा येथील वृद्धांना विचारले तर कोणत्या झाडावर कोणते अळंबे येते, कोणते खातात, कोणते टाकतात, कोणत्या चिखलाने अंग खाजते आणि कोणत्याने नाही, हे ते सांगू शकतील. ज्यांच्या जमिनी एकदा बंदरासाठी गेल्या, त्यांच्या खाजणातील माती दुसऱ्यांदा कोणत्याही नोंदीवाचून जाऊ नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

नमुने घेण्यास पावसाळा सरल्यानंतरचा, मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ सोयीचा आहे. पुन्हा एकदा ऐन पावसात, खाडी गोडी असताना, त्याच जागांवरून घ्यावेत. उधाणाच्या दिवशी ओहोटी लांबवर जाते, तेव्हा तिवरांच्या श्वसनमुळांमधला काळा चिखल, बांधाच्या आतील भातखाचराची माती, उघाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ आणि कुजती पाने असे चार निराळे नमुने निर्जंतुक पिशव्यांत भरावेत. प्रत्येकीवर गाव, तारीख, भरती-ओहोटीची वेळ व पाण्याचा खारेपणा लिहावा, ऊन लागू न देता सावलीत ठेवावे व दोन दिवसांच्या आत पुण्यास पोचवावे. हे काम खाजणात उतरण्याची सवय असलेल्या माणसानेच करावे; आणि त्याच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट असावेत.